रिबिनी गोळा करणारी दोघं

आमच्या बाल्कनीतल्या दोरीवर वर्षातून एकदा नारिंगी रिबिनी वाळत असायच्या. कपड्यांचीच दोरी, कपड्यांचेच चिमटे. पहिल्या वर्षी समोरच्या इमारतीतल्या आजींनी त्यांच्या खिडकीतून विचारलं होतं, "घरात काही कार्य आहे का?" बायको म्हणाली, "नाही हो आजी, डोंगरातून काढून आणल्यात." आजींना त्यातून किती उलगडलं कोण जाणे. पण पुढच्या वर्षीपासून रिबिनी दिसल्या की त्या हात हलवून विचारायच्या, "आले का सगळे घरी?" एवढं त्यांनी बरोबर ओळखलं होतं. रिबिनी दोरीवर आल्या म्हणजे डोंगरात गेलेली सगळी माणसं परत आलेली असायची.

डोंगरातल्या शर्यतीला रस्ता नसतो, पायवाट असते, आणि पायवाटेला शंभर फाटे असतात. म्हणून आयोजक आदल्या दिवशी झाडाझुडपांना रिबिनी बांधत जातात आणि धावणारे त्या पाहत पुढे जातात. सगळे गेले की रिबिनी कोणीतरी काढाव्या लागतात, नाहीतर त्या तिथेच कुजतात, गुरं खातात. हे काम करणाऱ्याला स्वीपर म्हणतात. त्याने सगळ्यांत शेवटच्या धावपटूच्या पाठोपाठ चालायचं, रिबिनी काढायच्या आणि तो माणूस सुखरूप पोचतोय ना, हे बघायचं. आम्ही नवराबायकोने हे काम बरीच वर्षं केलं, आणि मातकट झालेल्या रिबिनी पुढच्या वर्षासाठी घरी आणून धुतल्या. ती गेल्यानंतर या हिवाळ्यात मी ते पहिल्यांदाच एकट्याने केलं. त्याबद्दल लिहायचं आहे. पण त्याआधीचं थोडं सांगितल्याशिवाय ते कळणार नाही.

मी मुलुंडच्या एका कॉलेजात ग्रंथपाल होतो. ती भांडुपच्या शाळेत गणित शिकवायची. पंचेचाळिशी उलटल्यावर माझ्या रक्तात साखर निघाली आणि डॉक्टरांनी चालायला सांगितलं. मी आठवडाभर चाललो, मग एक जाड पुस्तक हाती लागलं आणि चालणं राहिलं. रविवारी पहाटे तिने माझ्या अंगावरची चादर ओढली. "ए वाचनालय, ऊठ. आज सुट्टी आहे, तुलाही आणि तुझ्या पुस्तकालाही."

स्कूटरवरून ती मला आरे कॉलनीत घेऊन गेली. तेव्हापासून दर रविवारी आरे. गोठ्यांवरून येणारा शेणाचा आणि ओल्या पेंढ्याचा वास, झाडांच्या बोगद्यातून जाणारा तो वरखाली रस्ता, मधूनच कण्हत चढणारी बस. आधी चाललो, मग दोन दिव्यांच्या खांबांमधलं अंतर धावलो, मग पुढे पुढे धावतच राहिलो. ती बोलत धावायची. सातवी ब च्या मुलांनी अपूर्णांकांची काय दशा केली, शेजारच्या बाईंनी गॅलरीत ग्रिल कसं पुढे काढलं, मुख्याध्यापिका कशा बोलल्या, सगळं चढावरसुद्धा चालू. मला धाप लागलेली, त्यामुळे उत्तर द्यायचा प्रश्न नव्हता. एकदा आरेत बिबट्या दिसल्याची बातमी आली तेव्हा मी म्हटलं, या रविवारी नको जाऊ या. ती म्हणाली, "अरे, मी बोलत असताना येईल का तो? त्यालाही जिवाची काळजी आहे."

पाच-सहा वर्षांत आम्ही पन्नास किलोमीटरच्या डोंगरी शर्यतीत नाव घातलं. असल्या शर्यतीला अल्ट्रा म्हणतात. कर्जतच्या पलीकडे, दोन डोंगर चढून उतरून परत सुटलो त्याच गावात. आम्ही दोघं शेवटचे आलो. शेवटचे म्हणजे अगदी शेवटचे. आमच्या मागे फक्त स्वीपर. तो एक उंच, काळा गॉगल लावलेला गृहस्थ होता. एक शब्द न बोलता तो दिवसभर आमच्या मागून चालला. आम्ही थांबलो की थांबायचा, निघालो की निघायचा. रिबीन सुटल्याचा बारीक आवाज तेवढा यायचा. शेवटच्या उतारावर बायको माझ्या कानाशी कुजबुजली, "अरे, हा आपल्याला न्यायला आलाय असं वाटतंय मला. रेडा कुठे बांधला असेल?"

पोचलो, गळ्यात पदकं पडली, पोहे खाल्ले. पण घरी येताना तिच्या डोक्यात ते पदक नव्हतंच. "शेवटच्या माणसामागून येणारा माणूस असा नसावा," ती म्हणाली. "तो बिचारा आधीच मेलेला असतो. त्याच्याशी कोणीतरी बोलायला नको?" दुसऱ्या दिवशी तिने आयोजकांना फोन केला आणि पुढच्या वर्षी आम्ही दोघं स्वीपर.

पहिल्याच वर्षी आम्ही जी चूक केली ती दुसऱ्या कुठल्या जोडप्याच्या हातून झाली नसती. आम्ही भांडत होतो. विषय काय, तर बेडरूमच्या भिंतीला कुठला रंग. ती मागे वळून हातवारे करत पिवळा कसा बरा ते सांगत होती, मी रिबिनी काढत नकार देत होतो आणि या नादात आम्ही शेवटच्या धावपटूलाच मागे टाकून पुढे निघून आलो. ते पोस्टातून निवृत्त झालेले गृहस्थ होते. कारवीच्या झुडपांमागे बुटातला खडा काढायला बसले होते. उठून पाहतात तो पुढे एकही रिबीन नाही. सगळ्या माझ्या दंडाला गुंडाळलेल्या.

बऱ्याच वेळाने मागून हाक आली. "अहो पिवळा रंग! थांबा!"

ते धापा टाकत पोचले. चेहरा लाल. "रिबिनी तुम्ही घेऊन गेलात, रस्ता गेला. बाईंचा आवाज ऐकत ऐकत आलो मी. तो नसता तर आज डोंगरातच राहिलो असतो." मग ते आमच्यावर जे बरसले ते बरसलेच. बायको हात जोडून उभी होती. त्यांचा जोर जरा ओसरल्यावर तिने हळूच विचारलं, "काका, भूक लागली असेल ना? घरी आज काय केलंय?"

"घरी? घरी अळूचं फदफदं आहे," ते रागातच म्हणाले.

"तुमच्याकडे कसं करतात हो? आमचं नेहमी खाजतं."

"खाजणारच! चिंच कधी घालता?"

आणि चालता चालता ते सांगायला लागले. देठ कसे सोलायचे, डाळ आणि दाणे किती वेळ भिजवायचे, घोटायचं कसं, फोडणी वर कधी द्यायची. दुसरा डोंगर आम्ही त्या फदफद्यावर चढलो. त्यांना चढ आला कधी आणि संपला कधी ते समजलं नाही. माथ्यावर पोचून त्यांनी खाली पाहिलं आणि म्हणाले, "अरेच्चा!"

ती तिची रीत झाली. पुढे कधीही शेवटच्या माणसाला तिने "पाय दुखतायत का", "अजून इतकं राहिलंय" असलं काही विचारलं-सांगितलं नाही. ती पाककृती विचारायची. तिचं म्हणणं असं की पदार्थ सांगायला घेतला की माणूस मध्येच बसत नाही. गॅसवर काहीतरी चढवलेलं असतं ना त्याने. गणिताची बाई असल्यामुळे तिने त्यातही हिशेब बसवला होता. अंतर थोडं उरलं असेल तर भजी, थालीपीठ. मोठा चढ पुढे असेल तर ज्याला आदल्या रात्रीपासून भिजवावं लागतं असं काहीतरी. एकदा एका तरुण इंजिनिअरला स्वयंपाकातलं काहीच येत नव्हतं. तिने त्याच्याकडून अख्खी मॅगी वदवून घेतली. पाणी उकळण्याला तिने इतके उपप्रश्न विचारले की आम्ही सपाटीवर आलो.

पुढच्या रविवारी तो पदार्थ आमच्याकडे व्हायचाच. आमच्या घरात पदार्थांना त्या माणसांचीच नावं पडली होती, म्हणजे खरी नावं नाहीत, ती आम्हाला लक्षात राहायची नाहीत. पोस्टातलं फदफदं. घाटकोपरच्या डॉक्टरीणबाईंचा उंधियो. गुडघेवाल्याची पिठी. सासूबाई राहायला आल्या की गोंधळायच्या. "ही गुडघेवाल्याची म्हणजे कोणाची गं?"

या सगळ्यात माझं काम रिबिनी. आणि एक वाक्य.

लांबच्या शर्यतीत ठरावीक ठिकाणी तपासनाके असतात आणि प्रत्येक नाक्याला एक वेळ असते, कट-ऑफ. त्या वेळेनंतर पोचलेल्याला पुढे जाऊ देत नाहीत, कारण पुढच्या कड्यावर अंधार पडला तर जिवाशी खेळ. अशा वेळी त्या माणसाला थांबवायचं काम स्वीपरचं. बायकोला ते कधीच जमलं नाही. दिवसभर ज्याच्याशी गप्पा मारल्या, ज्याच्या आईची तब्येत आणि मुलाचे मार्क माहीत झाले, त्याला थांब म्हणायला तिची जीभ रेटायची नाही. ती बाजूला जायची, बुटाची नाडी सोडून परत बांधत बसायची आणि माझ्याकडे पाहायची. मग मी पुढे होऊन सांगायचो, "आज इथवरच."

एवढंच. मी पुढे काही जोडत नसे. काही माणसं भांडायची, काही रडायची, एकाने बाटली फेकली. पण मी फार बोलत नाही म्हणून असेल, माझं वाक्य लोक ऐकायचे. मग पुढच्या रिबिनी नाक्यावरच्या लोकांवर सोपवून आम्ही तिघं जवळच्या वाटेने खाली उतरायचो, गाडीरस्त्यापर्यंत. खरं सांगायचं तर ते उतरणं मला आवडायचं. घाई संपलेली असायची. कोणीतरी खिशातून चिक्की काढायचं. बायकोची नाडी बांधून झालेली असायची आणि ती परत सुरू व्हायची, "हां, तर मग खोबरं भाजून घ्यायचं की कच्चंच?"

*

तिचं दुखणं दीड वर्ष चाललं. त्याबद्दल फार लिहिणार नाही. उपचारांच्या मधल्या बऱ्या दिवसांत ती सोसायटीच्या आवारात चालायची, फाटकापासून पाण्याच्या टाकीपर्यंत आणि परत. मी दोन पावलं मागे. हात धरलेला तिला चालायचा नाही.

"मागे कोण आहे?" ती न वळता विचारायची.

"स्वीपर."

"रिबिनी काढतोयस ना नीट? नाहीतर परत कोणाला तरी हरवशील."

वॉचमन खुर्ची सोडून उभा राहायचा, ती गेली की बसायचा. टाकीपाशी ती टेकायची, धाप घालवायची आणि म्हणायची, "बोल काहीतरी. मला आता बोलवत नाही चालताना." मी काय बोलणार? मी वाचलेल्या पुस्तकातलं काहीतरी सांगायला लागायचो. ती दोन मिनिटं ऐकायची. "राहू दे बाबा. याच्यापेक्षा तो गॉगलवाला बरा."

एका दुपारी आम्ही हॉस्पिटलमधून परत आलो. डॉक्टर बराच वेळ बोलले होते. आकडे, रिपोर्ट, पुढचं औषध देता येईल पण शरीराला ते कितपत झेपेल वगैरे. चांगले होते ते. पण सगळं आडवळणाने. घरी आल्यावर ती बाल्कनीत खुर्चीवर बसली. मी पाणी आणून दिलं. तिने ग्लास मांडीवर धरून ठेवला.

"अरे, ते काय म्हणाले ते मला कळलं नाही असं नाही," ती म्हणाली. "पण सरळ कोणीतरी सांग. ते वाक्य तुझ्याकडे असतं ना?"

मी दोरीकडे पाहत राहिलो. दोरीवर टॉवेल होते. मग मी तिच्या समोर खाली बसलो आणि म्हणालो, "आज इथवरच."

ती गप्प बसली. इतकी वर्षं तिच्याबरोबर राहून तिला गप्प बसलेली मी फार थोड्या वेळा पाहिली होती. मग ती पाणी प्यायली आणि तिने ग्लास माझ्या हातात दिला.

"बरं. मग आता जेवायला काय?"

त्यानंतर हॉस्पिटलला आम्ही गेलो नाही. ती स्वयंपाकघरात खुर्ची टाकून बसायची आणि मला एकेक पदार्थ करायला लावायची. पोस्टातलं फदफदं, गुडघेवाल्याची पिठी. "अरे, हलव. हलव! पुस्तक नाहीये ते, नुसतं बघून होत नाही." ती घासभरच खायची, पण चव बघून गुण द्यायची, दहापैकी. पिठीला तिने मला आठ दिले. ते दिवस वाईट नव्हते. असं लिहिताना मलाच विचित्र वाटतं, पण नव्हते.

ती गेली त्यानंतर मी डबा लावला. डबेवाल्या बाई चांगल्या आहेत, जेवण बरं असतं. स्वयंपाकघरात मी चहापुरता जायचो.

*

या हिवाळ्यात आयोजकांचा फोन आला. सरळ विचारलं नाही त्यांनी. म्हणाले, तुम्ही आलात तर बरं वाटेल, नाही आलात तरी समजू. मी हो म्हटलं, आणि फोन ठेवल्यावर भीती वाटायला लागली. चालण्याची भीती नव्हती. आरेत मी जात होतो. बोलणं जमणार नव्हतं, तेही माहीत होतं. पण भीती होती ती वाक्याची. ते मी शेवटचं म्हटलं होतं बाल्कनीत. परत कोणासमोर उभं राहून ते माझ्या तोंडून निघेल असं मला वाटत नव्हतं. मी मनाशी एवढीच इच्छा धरून गेलो की या वर्षी जो कोणी शेवटचा असेल तो वेळेत असावा.

ती बाई पहिल्या नाक्यापासूनच शेवटची होती. चाळिशीची, बुटकी, डोक्याला घट्ट बांधलेला निळा रुमाल. कांजूरमार्गला राहायची, एका विम्याच्या ऑफिसात होती, मूळची सिंधुदुर्गाकडची. वडील गिरणीत होते, हे सगळं तिने पहिल्या चढावरच सांगून टाकलं. मग तिचे विषय संपले आणि फक्त पावलांचा आवाज राहिला. आणि रिबीन सुटल्याचा.

वाळलेल्या गवतातून वाट वर जात होती. ती अचानक कमरेवर हात ठेवून थांबली.

"काका, एक सांगू? रागवू नका. मागून असा मुका माणूस चालत आला ना, की मला आमच्या गावातला राखणदार वेतोबा आठवतो. पाया पडू की पळू कळत नाही. कायतरी बोला हो!"

मी म्हटलं, "मला फारसं येत नाही."

"मग हे काम कशाला घेतलंत?"

"बायको असायची बरोबर. ती बोलायची. मी रिबिनी काढायचो."

तिने मागे वळून माझ्याकडे पाहिलं. "गेल्या?"

"हो."

"हं," ती म्हणाली आणि चालायला लागली. थोडं पुढे जाऊन न वळताच बोलली, "मग आता दोन्ही कामं तुमच्याच गळ्यात. करा सुरुवात."

मी बराच विचार केला. दुसरं काही सुचेना. शेवटी विचारलं, "घरी आज काय केलंय?"

"घरी? नवऱ्याने ऑर्डर केलं असणार काहीतरी."

तेवढ्यावर संभाषण संपलं. बायकोने हे कसं पुढे नेलं असतं ते मी आठवायचा प्रयत्न केला. समोर मोठा चढ होता. मग म्हटलं, "तुमच्याकडचं असं काही सांगा, ज्याला आदल्या रात्री भिजवावं लागतं."

ती हसली. "हे काय विचारणं झालं? एवढ्या उन्हात? काळे वाटाणे. काळ्या वाटाण्याचं सांबारं. आंबोळीबरोबर."

"कसं करतात?"

"आता, चढताना सांगू?"

"चढतानाच सांगा."

तिने सांगायला सुरुवात केली. वाटाणे रात्रभर भिजले पाहिजेत, घाई केली की दाताखाली कचकच लागतात. कुकरला शिट्ट्या काढायच्या त्या मोजून नाही, वास आला की. मी विचारलं, वास कसा? ती थांबून विचार करायला लागली आणि मी घाईने म्हटलं, "चालता चालता." ती चालत म्हणाली, "गावच्या चुलीसारखा." कांदा-खोबरं भाजायचं, पण वेगवेगळं, एकत्र भाजते ती तिची जाऊ आणि ते सांबारं घरात कोणी तोंडात घालत नाही. जावेवर आम्ही बरंच अंतर तोडलं. मी प्रश्न विचारत होतो. इतके प्रश्न मी आयुष्यात कोणाला विचारले नसतील. एका ठिकाणी माझ्या लक्षात आलं की दोन-तीन रिबिनी मी तशाच सोडून आलोय, आणि मला परत खाली जाऊन त्या काढाव्या लागल्या. मी परत येईपर्यंत ती एका दगडावर बसली होती.

बसल्यावर पाय आखडले. त्यापुढे ती हळू झाली. पायाच्या बोटांना फोड आले असावेत. पाऊल तिरकं पडत होतं. मोठ्या नाक्यापर्यंतची सपाटी संपता संपेना. ती आता मधूनमधून स्वतःशीच बोलत होती, "रे देवा म्हाराजा, खंय येवन पडलंय मी." मी घड्याळ पाहिलं. पाहिल्याचं तिने पाहिलं.

"पोरीला सांगून आलेय," ती म्हणाली. "मेडल घेऊन येते म्हणून. सातवीत आहे. मागच्या वर्षी अर्ध्यातून परत गेले तर काय म्हणाली माहितेय? आई, तू परीक्षेला बसू नकोस, नुसता अभ्यास कर."

"पोचू," मी म्हणालो.

हे मी म्हणायला नको होतं. बायको असलं काही कधी म्हणत नसे. पण मला पोचायचं होतं. तिच्यापेक्षा जास्त मला. मी रिबिनी हिसकून काढत होतो, तिच्यापुढे जाऊन वाट दाखवत होतो. एकदा तर मी तिची पाण्याची पिशवी माझ्या पाठीवर घेतली, जे नियमात बसत नाही.

नाका दिसला तेव्हा ऊन पिवळं झालं होतं. नाक्यावरचे दोघे स्वयंसेवक उभे राहून आमच्याकडे पाहत होते. त्यांच्या उभं राहण्यावरूनच मला कळलं. वेळ टळून बराच वेळ झाला होता. त्यातला एकजण पुढे येऊन माझ्याकडे पाहून थांबला. तो जुना होता. हे काम माझं असतं हे त्याला माहीत होतं.

ती टेबलाला धरून उभी होती. श्वास घेत होती. समोरचा कडा पाहत होती, ज्याच्यावरून अजून जायचं होतं.

मी खाली बसलो आणि माझ्या बुटाची नाडी सोडली. परत बांधायला लागलो. नाडी चांगली घट्ट होती. ती बांधता बांधता माझ्या लक्षात आलं की मी काय करतोय, आणि हेही की ज्याच्याकडे बघावं असं आता दुसरं कोणी नाही. मग मी उठलो आणि तिच्यासमोर जाऊन उभा राहिलो.

"आज इथवरच," मी म्हणालो.

तिने माझ्याकडे पाहिलं. मला वाटलं भांडेल. तिने निळा रुमाल सोडला, तोंड पुसलं.

"मघाशी घड्याळ बघितलंत तेव्हाच कळलं होतं मला," ती म्हणाली. "उगीच पोचू पोचू करत होता. बसा जरा. पाणी प्या. तुमचा चेहरा माझ्यापेक्षा वाईट झालाय."

तिथून आम्ही दोघं जवळच्या वाटेने उतरलो. सावल्या लांबल्या होत्या. तिने बूट काढून हातात घेतले होते आणि ती गवतातून मोज्यांवर चालत होती. एकदा थोडी रडली. मी काही बोललो नाही आणि या वेळी तिला वेतोबा आठवला नाही. नाक्यावरची रिबीन तिने मागून घेतली होती. "द्या ती. कुठवर गेले ते पोरीला दाखवते. पुढच्या वर्षी याच्यापुढची आणते." आयोजक रिबिनींबाबत फार कडक आहेत, बायको तर त्यांच्याहून कडक होती. मी दिली.

आयोजकांच्या गाडीत ती बसल्या बसल्या डोळे मिटून मान मागे टाकून पडली. झोपली असं वाटलं. बऱ्याच वेळाने डोळे न उघडताच म्हणाली, "काका, वाटण घातल्यावर आपण थांबलो होतो."

"हो."

"उकळी आली की मसाला. आमचा मालवणी हां, तो पिवळ्या पाकिटातला नको. आणि शेवटी, अगदी उतरवताना, सोलां घालूक इसरू नकात. तीन-चार. त्याशिवाय ते सांबारं नाही."

"आमसुलं?"

"तेच ते. आणि झाकून ठेवा लगेच. झाकल्यावर हात लावायचा नाही."

रविवारी सकाळी मी रिबिनी बादलीत भिजवल्या. वाटाणे आदल्या रात्रीच घातले होते. डबेवाल्या बाईंना फोन करून आजचा डबा नको म्हणून सांगितलं. त्यांनी घाबरून विचारलं, तब्येत बरी आहे ना? कांदा आणि खोबरं मी वेगवेगळं भाजलं. खोबरं जरा करपलं. शिट्ट्या न मोजता वासाची वाट पाहिली, पण मला गावची चूल माहीत नाही, त्यामुळे शेवटी अंदाजाने गॅस बंद केला. आमसुलं घातली, झाकण ठेवलं आणि हात लावू नये म्हणून बाल्कनीत आलो. रिबिनी पिळून एकेक करून दोरीवर लावायला लागलो.

समोरच्या खिडकीत आजी होत्या. त्यांना बायको गेल्याचं माहीत आहे. त्या तेव्हा काठी टेकत घरी येऊन गेल्या होत्या. त्यांनी रिबिनींकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. हात थोडा उचलला आणि तसाच खिडकीच्या गजावर ठेवला. या वर्षी त्यांनी विचारलं नाही.

मधे रस्ता नाही, नुसती एक चिंचोळी गल्ली आहे. तरी मला जरा मोठ्यानेच बोलावं लागलं.

"आजी, आले सगळे."

त्यांनी कानामागे हात धरला.

"आले सगळे घरी," मी परत म्हटलं.

त्यांनी मान डोलावली. मग नाक वर करून हवेत वास घेतला. "काय शिजतंय आज तुमच्याकडे? डब्याचा नाही हा वास."

"काळ्या वाटाण्याचं सांबारं."

"अगंबाई! तुम्ही केलंत? कसं केलंत?"

मी हातातला चिमटा दोरीला लावला आणि कठड्याला टेकून उभा राहिलो.

"आदल्या रात्री वाटाणे भिजत घालायचे," मी सांगायला सुरुवात केली.